घरची कार्यशाळा : लोखंड कापण्याची कोरडी करवत

जिन्याचा कठडा, अंगणाचें फाटक, माळ्याची शिडी, पुस्तकांची मांडणी अशीं कामें पूर्वीं लांकडांत होत. आतां पुष्कळ ठिकाणीं लांकडाची जागा पोलादी अँगल आणि चौकोनी नळ्या यांनीं घेतली आहे. त्यामुळें घरांत एखादा मुलगा किंवा पुतण्या हातकामाची आवड असलेला निघाला म्हणजे लोखंड कापण्याचें यंत्र घ्यावें कीं काय, हा प्रश्न आज ना उद्यां त्या घरांत उपस्थित होतोच. दुकानांत गेल्यावर दिसावयास बरींचशीं सारखीं अशीं दोन यंत्रें समोर येतात. एक स्वस्त असतें, दुसरें त्याहून पुष्कळच महाग. काम जर एकच, तर अधिक पैसे कशासाठीं मोजावयाचे, असें वडील मंडळी विचारतात. आणि त्यांचा हा प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर नीट समजलें तर पैसाहि वांचेल आणि, त्याहून महत्त्वाचें म्हणजे, तरुणांचे डोळे व हात सुरक्षित राहतील. म्हणून ह्या महिन्याचें सदर आम्ही त्याच विषयास दिलें आहे.

स्वस्त यंत्र तें घर्षणचकतीचें. त्याच्या चकतीस दांते नसतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कठीण कण राळेसारख्या द्रव्यानें एकत्र बांधून ती घडविलेली असते. नेहमींच्या मापाची चकती १४ इंच, म्हणजे ३५५ मिलिमीटर व्यासाची असून ती मिनिटास सुमारें ३८०० फेरे घेते. ह्या हिशेबानें तिची कड सेकंदास ७० मीटर, म्हणजे ताशीं अडीचशें किलोमीटर ह्या वेगानें धांवत असते. खरें पाहतां ती लोखंड कापीत नाहीं, तर घांसून नाहींसें करते. ठिणग्यांचा जो फवारा उडतो तो म्हणजे जळते पोलादी कणच होत. घर्षणाची उष्णता तुकड्यांत मुरते, कापलेली कड निळी पडते, आणि तिच्या खालच्या अंगास एक चिवट, धारदार कंगोरा लोंबत राहतो. तो मागाहून कानशीनें काढीत बसावें लागतें. जस्ताचा मुलामा दिलेली नळी असली तर जस्ताचा धूर होतो, व तो श्वासाबरोबर आंत घेण्याजोगा खास नव्हे.

महाग यंत्र तें कोरड्या करवतीचें. त्यांत चकतीच्या जागीं खरोखरीची करवत असते. गोल पोलादी पात्याच्या परिघावर साठापासून नव्वदपर्यंत दांते असतात आणि प्रत्येक दांत्याच्या टोंकास टंगस्टन कार्बाइडचा बारीक तुकडा जडविलेला असतो. हें पातें मिनिटास १३०० ते १५०० फेरे घेतें. म्हणजे त्याचा वेग चकतीच्या वेगाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. प्रत्येक दांता लोखंडाचा लहानसा कीस काढून बाहेर फेंकतो आणि बहुतेक उष्णता त्या किसाबरोबरच निघून जाते. म्हणून कापलेला तुकडा कोमटच राहतो, कड स्वच्छ व काटकोनांत येते, आणि जोडकाम करणारास ती तशीच वेल्डिंगला घेतां येते. मोठ्या कारखान्यांतील थंड करवतीवर पाण्यासारखें थंडावा देणारें द्रव्य सतत सोडावें लागतें. येथें त्याची गरज नाहीं, म्हणून ही ‘कोरडी’.

दांत्याच्या टोंकावरील त्या तुकड्याचा इतिहास मनोरंजक आहे. लोखंडानें लोखंड कापावयाचें तर कापणारें तापून मऊ पडतें, ही जुनी अडचण. फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट ह्या अमेरिकनांनीं तापूनहि धार न सोडणारें पोलाद सिद्ध केलें व तें १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत लोकांसमोर आलें. पुढें जर्मनींत विजेच्या दिव्यांसाठीं टंगस्टनची बारीक तार ओढावी लागे; त्या कामीं हिऱ्याचे सांचे फार महाग पडत. त्यांना पर्याय शोधतां शोधतां ऑसराम मंडळीकडील कार्ल श्रोटर यांनीं टंगस्टन कार्बाइडची पूड धातूच्या साहाय्यानें बांधून एक अतिकठीण द्रव्य तयार केलें. त्याचें पेटंट १९२३ सालचें. एसेनच्या क्रुप कारखान्यानें तें ‘विडिया’ ह्या नांवानें बाजारांत आणलें. हें नांव ‘हिऱ्यासारखें’ ह्या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून बनविलें आहे. मात्र हिऱ्यासारखाच ह्या द्रव्याचा एक दोषहि आहे. तें कठीण आहे, पण चिवट नाहीं. घांसलें तर टिकतें, ठोकलें तर तडकतें. पुढें जे नियम आम्ही सांगणार आहों ते बहुतेक सर्व ह्या एका गुणदोषांतून निघतात.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहिला तिकडे वळूं. १४ इंची यंत्रांचा दांडा पुष्कळदां दोन्ही प्रकारांत एकाच मापाचा, २५.४ मिलिमीटरचा, असतो. म्हणून महाग करवतीचें पातें स्वस्त यंत्रावर विनासायास बसतें. मग एखाद्या हिशेबी मनुष्यास सुचतें कीं, यंत्र स्वस्त घ्यावें आणि पातें तेवढें चांगलें आणून चढवावें. अर्ध्या खर्चांत दोहोंचा लाभ! ही काटकसर नव्हे, हा जिवाशीं खेळ आहे. फिरणाऱ्या वस्तूवरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें शाळेंतील पदार्थविज्ञान येथें आठवावें. १३०० फेऱ्यांच्या जागीं ३८०० झाले म्हणजे वेग सुमारें २.९ पट झाला. त्याचा वर्ग साडेआठ. म्हणजे दांत्याला मुळापासून उपटूं पाहणारी ओढ साडेआठ पट झाली. त्यांत पोलादाशीं एवढ्या वेगानें गांठ पडून धार तापते व तडकते, तें निराळेंच. सुटलेला दांता बंदुकीच्या छऱ्याप्रमाणें कोठें जाईल हें कोणास सांगतां येणार नाहीं. लांकूड कापण्याच्या यंत्रासहि हाच न्याय लागू आहे, कारण त्याचाहि वेग असाच मोठा असतो.

यास्तव एक नियम घरांतील प्रत्येकानें पाठ करावा. पात्यावर कमाल फेऱ्यांची संख्या कोरलेली असते आणि यंत्राच्या पाटीवर त्याच्या फेऱ्यांची संख्या लिहिलेली असते. पात्याची संख्या यंत्राच्या संख्येहून लहान असेल तर तें पातें त्या यंत्रावर चढवूंच नये. ह्या दोन आंकड्यांची तुलना करण्यास अभियंता असावें लागत नाहीं. ती आजीबाईसहि करतां येईल, आणि तिनें ती अवश्य करावी. उलट बाजूनें, संथ यंत्रावर घर्षणचकती बसविल्यास ती वेगाअभावीं धड कापीत नाहीं व यंत्राचें आवरणहि तिच्यासाठीं घडविलेलें नसतें. सबब तेंहि करूं नये.

यंत्र निवडतांना मोटारीच्या वॉटचा आंकडा पाहून हुरळून जाऊं नये. ह्या वर्गांतील यंत्रें साधारण २००० वॉटच्या आसपास असतात. आपल्याकडील २३० व्होल्टवर ह्याचा अर्थ जवळजवळ ९ अँपियर. म्हणून दिव्यापंख्याच्या ६ अँपियरच्या खोबणींत हें यंत्र लावूं नये. त्यास १६ अँपियरची खोबण व खात्रीचें अर्थिंग पाहिजे. परदेशांतून कोणी आप्त यंत्र आणणार असेल तर तें किती व्होल्टचें हें आधीं विचारावें, कारण अमेरिकेंतील यंत्र १२० व्होल्टचें असतें. त्यानंतर पहावयाचें तें बिजागरीचें ठिकाण. यंत्राचें डोकें हातांत धरून डावीउजवीकडे हलवून पहावें; तेथें ढिलेपणा असेल तर पातें वाकडें उतरेल आणि दांते फुटतील. तुकडा घट्ट धरणारी पकड, जिला कारखान्यांत व्हाइस म्हणतात, ती मजबूत आहे ना, तिची मागची भिंत पात्याशीं काटकोन करते ना, हें गुण्या लावून पहावें. पात्यावरील आवरण सोडल्याबरोबर आपोआप मिटलें पाहिजे. शेवटीं, दुसरें पातें आपल्या शहरांत मिळतें काय व जुन्यास धार लावून देणारा कोणी आहे काय, ह्याची चौकशी करावी. पातें मिळत नसेल तर उत्तम यंत्र हें माळ्यावरचें ओझेंच होय.

पातें धातूप्रमाणें निवडावें. साध्या पोलादाचें, स्टेनलेसचें व ॲल्युमिनियमचें पातें वेगवेगळें असतें. एकाचें काम दुसऱ्यावर लादूं नये. पातळ पत्र्याच्या नळीस अधिक दांत्यांचें, जाड मालास कमी दांत्यांचें घ्यावें. कडक केलेलें पोलाद, म्हणजे स्प्रिंग, जुनी कानस, बेअरिंगचें कडें, ह्यांस ही करवत लावूं नये. घरबांधणीच्या टीएमटी सळ्यांचें बाहेरचें कवचहि कडक केलेलें असतें. त्या ह्या पात्यानें कापल्यास दांते लवकर जातात. तें काम घर्षणचकतीचें, आणि तेथें तीच शोभते.

वापरण्याची रीत थोडक्यांत अशी. तुकडा हातानें धरून कधींहि कापूं नये. तो व्हाइसमध्यें पक्का आवळावा. अँगल असेल तर त्याची पाठ वर करून, घराच्या छपराप्रमाणें ठेवावा. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या कापल्या जातात व दांत्यांवर एकदम रुंद सपाटीचा भार येत नाहीं. लांब नळीच्या दुसऱ्या टोंकास आधार द्यावा, परंतु तोडून पडणारा भाग मोकळा ठेवावा. तोहि आवळला तर काप मिटून पातें अडकतें. खूण करतांना पात्याची जाडी, सुमारें दोन ते अडीच मिलिमीटर, हिशेबांत धरावी.

बटण दाबल्यावर पातें पूर्ण वेग घेईपर्यंत थांबावें. पहिला स्पर्श अगदीं हलका असावा, कारण दांते फुटतात ते बहुधा ह्याच क्षणीं. खांच पडली म्हणजे मग सारख्या, स्थिर दाबानें खालीं यावें, आणि शेवटच्या दोनचार मिलिमीटरांत हात पुन्हां हलका करावा. काप पुरा झाल्यावर बटण सोडून पातें थांबूं द्यावें व मग डोकें वर उचलावें. पातें बदलतांना किंवा साफ करतांना नुसतें बटण बंद असून भागत नाहीं. खोबणींतून तार काढलीच पाहिजे. ठिणग्या वाढल्या, आवाज कर्कश झाला, दाब अधिक द्यावा लागला किंवा कडेस कंगोरा दिसूं लागला कीं धार गेली असें समजावें. तेव्हां जोर करण्याऐवजीं पातें उतरवावें.

ठिणग्या थोड्या म्हणून डोळे उघडे ठेवण्याचा मोह होतो. तो घातक आहे. उडणारा कीस तापलेला असून त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. बाजूंनीं बंद असा चष्मा व त्यावर चेहऱ्याची ढाल हवी. कानांसहि संरक्षण हवें. पदर, ओढणी, सैल बाही, गळ्यांतील साखळी, मोकळे केस, हीं यंत्राजवळ येतां कामा नयेत. हातमोजे तुकडा उचलतांना घालावे, पातें फिरत असतांना घालूं नयेत, कारण मोजा अडकला तर तो बोटांसह ओढला जातो.

आपल्या घरांपुरती एक गोष्ट यंत्राच्या माहितीपत्रकांत सांपडत नाहीं. आपण घरांत अनवाणी वावरतों, आणि मुलें तर जमिनीवरच खेळतात. म्हणून यंत्राची जागा राहत्या घरापासून अलग असावी, तेथील चपला तेथेंच रहाव्या, आणि काम झाल्यावर लोहचुंबक कापडांत गुंडाळून तो जमिनीवरून फिरवावा. कापड उलगडलें कीं चिकटलेला कीस आपोआप गळून पडतो. स्टेनलेस व ॲल्युमिनियम यांचा कीस मात्र चुंबकास भरंवशानें लागत नाहीं. तो केरसुणीनें दोनदां झाडावा. वडील मंडळींच्या दुपारच्या विश्रांतीची वेळ टाळावी, हें निराळें सांगावयास नकोच.

हें सर्व वाचून कोणी विचारील कीं, मग घ्यावें काय? आमचें मत असें आहे. वर्षांतून एखादा कठडा दुरुस्त करावयाचा असेल त्या घरानें कोणतेंच यंत्र घेऊं नये. एक चांगला हॅकसॉ, एक कानस आणि थोडा घाम एवढें पुरेसें आहे, किंवा माल गांवांतील कारागिराकडून कापून आणावा. सळ्या व ओबडधोबड तुकडेच तोडावयाचे असतील तर घर्षणचकतीचें यंत्र योग्य. मात्र ठिणग्यांच्या वाटेंत कागद, कापड, तेल कांहीं असूं नये, आणि चकतीवर छापलेली मुदत उलटलेली नसावी. जो तरुण खिडक्या, टेबलें, मांडण्या नेमक्या मापानें व वारंवार करणार, त्यास कोरडी करवत घेऊन द्यावी. कानशीवरचे वांचलेले तास तिची किंमत हळूहळू फेडतील.

परंतु पैशाची तरतूद अपुरी म्हणून स्वस्त शरीरावर महाग पातें चढविण्याची मधली वाट मात्र कोणीहि धरूं नये. एकत्र कुटुंबांत खर्चाचा निर्णय चारचौघांनीं मिळून होतो, हें अशा वेळीं हिताचेंच ठरतें. यंत्र घरीं आलें म्हणजे पहिला काप होण्यापूर्वीं घरांतील दोघांनीं मिळून पात्यावरील आणि पाटीवरील आंकडा मोठ्यानें वाचावा. प्रत्येक नवें पातें बसवितांना हाच परिपाठ ठेवावा. त्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.