मागाचा खडखडाट आणि संगणकाचा नमुना

मालेगावला माल घ्यायला गेलो की तिथले जुने मागवाले मी सांगितलेला भाव दोन-तीनदा विचारतात. आधी वाटायचे, ही घासाघीस आहे. पुढे कळले की त्यांना ऐकूच येत नाही. वर्षानुवर्षे धोट्याचा ठोका ऐकून कान गेले. ज्या लुंगी-साडीवर आसेगावात माझे दुकान चालते, तिची ही किंमत माझ्या वहीत कुठेच लिहिलेली नाही.

आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा होती. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर जाणे नवलाचे नाही. पण घरगुती आणि लहान शेड बहुधा या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहत.

इलाज काय? भिंत जाड करावी, तर वजन दुप्पट केल्यावर आवाज जेमतेम सहा डेसिबलने घटतो. खिडक्या बंद कराव्यात, तर माणूस गुदमरतो. हवा यावी आणि आवाज अडावा, अशी वस्तू हवी.

तशी वस्तू अशक्य नाही. २००० साली हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी शिशाच्या गोळ्यांवर रबराचा थर देऊन आवाज अडवणारा पदार्थ बनवला. २०१९ मध्ये अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठात मध्ये मोकळे असलेले एक कडे तयार झाले. त्यातून हवा वाहते, पण ठरावीक सुराचा ९४ टक्के आवाज अडतो. हे काम त्या कड्याच्या आकाराचे आहे. आतल्या वळणांतून फिरून आलेली लहर सरळ येणाऱ्या लहरीला मारते.

अडचण एवढीच की कोणत्या सुरासाठी कोणता आकार हवा, हे शोधणे फार किचकट. इथे संगणकाचे डीप लर्निंग कामी येते. आपल्या धंद्यातला मुरलेला उस्ताद कापडाचा तुकडा चिमटीत धरून ताणा, बाणा आणि सुताचा नंबर सांगतो, कारण त्याच्या हाताखालून हजारो थान गेलेले असतात. संगणकालाही तसेच हजारो आकार आणि प्रत्येकाने अडवलेला आवाज दाखवतात. मग उलटा प्रश्न विचारतात, ‘हा आवाज अडवायचा आहे, आकार सांग.’ महिन्यांचे काम क्षणात होते. कधी एकाच प्रश्नाला अनेक आकार निघतात. त्यातला स्वस्त आणि बनवण्याजोगा निवडणे माणसाच्याच हाती राहते.

परंतु उस्तादाने जे सूत कधी हाताळले नाही, त्याचा नंबर तो सांगू शकत नाही. संगणकाचेही तसेच आहे. माझा मुद्दा हाच आहे. मागाचा आवाज एका सुराचा नसतो. त्यात धोट्याचा ठोका, फणीचा दणका, मोटारीची घरघर असे सारे मिसळलेले असते. पंख्याच्या किंवा विमानाच्या आवाजावर शिकलेला संगणक भिवंडीच्या शेडला काय उत्तर देणार? आपल्या शेडचा आवाज कुणी नोंदवलाच नाही, तर आपल्यासाठी आकारही निघणार नाही.

म्हणून आधी आवाज मोजला पाहिजे. इचलकरंजीची डी. के. टी. ई. संस्था आणि मुंबईची व्ही. जे. टी. आय. येथे वस्त्र अभियांत्रिकी शिकवतात. त्यांच्या विद्यार्थ्यांना मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या शेडमध्ये नोंदी घेऊ द्याव्यात. कारखानदार घाबरतील की मोजमाप झाले की नोटीस येईल. ही भीती खोटी नाही, म्हणून या नोंदी दंडासाठी वापरणार नाही, अशी हमी आधी मिळावी. तोवर कानात बोळे आणि वर्षाकाठी कानाची तपासणी, एवढे तरी आजच करता येईल.

खर्च कुणी करायचा? एकट्या मागवाल्याने नव्हे. त्याच्या कापडावर नफा कमावणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांनी थानामागे चार पैसे बाजूला काढले, तर ते दान होणार नाही, जुनी उधारी फिटेल.