टाकीवरचा दिवा कोणासाठी?



आपण कांदा-बटाटा सोडला, कारण तो अनंतकाय. चातुर्मासात पालेभाजीही बंद. आणि त्याच घराच्या दिवाणखान्यात माशांची टाकी, तिच्यावर रात्री अकरापर्यंत निळा-जांभळा लखलखाट, आणि दर रविवारी काचेवरचे शेवाळ खरडून मोरीत! शेवाळसुद्धा आपल्याकडे अनंतकायच मानले आहे. ताटात त्याग आणि दिवाणखान्यात अनंतकायाची शेती, हे मला पटत नाही.

आधी मूळ मुद्दा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पंचेंद्रिय जीव काचेत कोंडणे हा पहिलाच अतिचार झाला. म्हणून नवी टाकी घेऊच नका, असे मी स्पष्ट म्हणते. पण मुलांच्या हट्टापायी किंवा कोणी भेट दिली म्हणून ती अनेक घरांत आधीच आलेली आहे. ते मासे तळ्यात नेऊन सोडणे ही जीवदया नव्हे. असाच सोडला गेलेला सकर मासा आपल्या देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे, आणि त्रास तिथल्या मूळच्या जीवांना होतो आहे. घरात आलेला मासा त्याचे आयुष्य पुरे होईपर्यंत आपली जबाबदारी. आणि टाकीत झाडे असतील, तर त्या जबाबदारीचा मोठा भाग दिव्यावर अवलंबून असतो.

कसा, ते पाहा. झाडे उजेडावर वाढतात, शेवाळही उजेडावरच वाढते. दिवा झाडांच्या गरजेपेक्षा प्रखर असला, की उरलेला उजेड शेवाळाच्या कामी येतो. मग शेवाळ मारायचे औषध येते, त्याने गोगलगायी आणि कोळंब्या मरू शकतात. प्रखर दिव्याखाली झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, म्हणून त्याचा सिलिंडर येतो. तो जरा जास्त सुटला, की मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात. झाडे भराभर वाढतात, म्हणून सारखी छाटणी. एका दिव्यापायी हिंसेची केवढी ही साखळी! आणि ती माशाने मागितलेली नव्हती, झाडानेही नाही. पाहुण्यांनी ‘वा!’ म्हणावे, एवढ्यासाठी ती आपण ओढवून घेतली.

दुकानदार विचारतो, “किती वॅटचा देऊ?” वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, एवढेच. उजेड मोजायचा तर खोक्यावरचे ल्युमेन पाहा. कमी उजेडाच्या झाडांना लिटरमागे 10 ते 20 ल्युमेन पुरतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावते. म्हणजे 550 ते 1100 ल्युमेन झाले. साध्या पांढऱ्या एलईडीत हे 10 वॅटच्या आसपास भागते. रंग 6500 केल्विनच्या जवळपास, दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. रंग बदलणारे रिमोटचे दिवे आपल्या करमणुकीसाठी असतात. झाडेही तशीच घ्यावीत: अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन. ही सावकाश वाढतात, कापाकापी कमी लागते. तळाशी गालिच्यासारखी पसरणारी आणि लालभडक पानांची झाडे प्रखर उजेड मागतात, त्यांचा मोह नको.

काही जणी म्हणतील, “एवढे आहे तर दिवाच नको.” खिडकीचा मंद उजेड झाडांना पुरत असेल तर ठीकच. पण अंधाऱ्या कोपऱ्यात झाडे कुजतात, पाणी नासते आणि माशांचा जीव गुदमरतो. ती दया नव्हे, हयगय आहे. टाकीवर थेट ऊन येणेही वाईट. त्याने शेवाळ वाढते आणि पाणी तापते.

वेळेचे काय? दिवसाला सहा ते आठ तास पुष्कळ झाले. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा असा टायमर लावा, रोज तीच वेळ. “आमचे हे सातला घरी येतात, तेव्हा टाकी अंधारी कशी चालेल?” असे मला हमखास विचारले जाते. खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात मासे दिसतात की! माशाला पापणी नसते, डोळे मिटून उजेड टाळणे त्याच्या हातात नाही. आपण सूर्यास्तानंतर घास घेत नाही, मग त्याच्यावर रात्रभर ‘मूनलाइट’ कशाला? त्यालाही दिवस असतानाच खायला घालावे.

आणि पावसाळा विसरू नका. रात्रिभोजन सोडायचे एक कारण दिव्यावर झेपावणारी पाखरे, हे लहानपणापासून आपल्या कानावर आहे. उघड्या टाकीवरच्या दिव्याकडेही तीच पाखरे येतात आणि पाण्यात पडतात. तेव्हा टाकीवर काचेचे झाकण हवे, हवेला फट ठेवून, आणि दिवा त्या झाकणाच्या वर.

प्रखर दिवा आधीच घेतला असेल तर फेकू नका. बहुतेकांचा उजेड कमी करता येतो. येत नसेल तर दिवा उंच टांगा किंवा तास कमी करा. शेवाळ कमी व्हायला काही आठवडे लागतील, तोवर औषधाची बाटली आणू नका. आणि पाहुणे म्हणाले, “टाकी जरा मंद दिसते”, तर का मंद आहे ते त्यांना सांगा.

जय जिनेंद्र.