समोरच्याचा डाव वाचता येतो का?

टेकनमध्ये तुम्ही सोसायटीतल्या सगळ्यांना धुता. मग एक दिवस कुणीतरी नवा पोरगा येतो. तुमचा ठेवणीतला फटका दोनदा खातो आणि तिसऱ्या वेळी आधीच खाली वाकलेला असतो. फटका हवेत, तुम्ही जमिनीवर! त्यापुढे काय करायचं, हे तुम्हाला माहीतच नसतं.

हा प्रश्न आता निव्वळ टाइमपासचा राहिलेला नाही. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेच्या यादीत टेकन आणि स्ट्रीट फायटर आहेत. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. दार उघडलंय. पण आत जाऊन जिंकायचं कसं? याचा धडा शेजारी, लाहोरमध्ये आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत अर्सलान अ‍ॅश हा लाहोरचा खेळाडू इव्हो जपान जिंकला. व्हिसा आणि विमानांच्या गोंधळातून तो कसाबसा तिथे पोचला होता. ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या इव्होत त्याने फायनलला कोरियाच्या ‘नी’ला, म्हणजे टेकनमधल्या दिग्गजाला हरवलं. तेव्हा म्हणता आलं असतं, की त्याचा खेळ कुणी पाहिलाच नव्हता, म्हणून जमलं. पण त्यानंतर त्याचे व्हिडिओ जगभर घासून पाहिले गेले. तरी तो २०२३ मध्ये जिंकला, २०२४ मध्येही जिंकला. त्याची आवडती काझुमी टेकन ८ मध्ये नव्हती, तर गडी नीनावर गेला. मग याचं रहस्य काय?

थोडं गणित बघू. टेकन सेकंदाला ६० फ्रेम्सवर चालतो. साधा जॅब १० फ्रेम्सचा, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तो बघून अडवणं माणसाच्या डोळ्याला आणि बोटांना झेपत नाही. म्हणजे अंदाज बांधावाच लागतो, आणि अंदाज समोरच्याच्या सवयीवर बांधतात. पडल्यावर तो लगेच उठतो का? त्याचा फटका आपण अडवला की गप्प बसतो, की घाईघाईत पुन्हा बटण दाबतो? कोपऱ्यात सापडला की उडी मारतो? चांगला खेळाडू पहिल्या राउंडमध्ये थोडा मार खाऊन हीच माहिती गोळा करतो. कबड्डीतला चढाईपटू पहिल्या चढाईत गुण नाही मिळाला, तरी कोपरारक्षक कधी झेपावतो हे बघून येतो, तसंच.

अर्थात समोरचाही तुम्हाला वाचत असतो. म्हणून खरी कसोटी दुसरीच: आपली सवय पकडली गेलीय हे ओळखून ती भर मॅचमध्ये मोडणं. हरताना हात आपोआप ओळखीच्या फटक्याकडे जातो. तिथेच बहुतेक जण संपतात.

ही सवय एकट्याने लागत नाही. आपल्याकडे आपल्याइतकेच तगडे बरेच जण आहेत, असं अर्सलानने जिंकल्यावर सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पुढे पाकिस्तानच्याच अतिफ बटने टेकन वर्ल्ड टूरची फायनल मारली. खुद्द नी २०१९ मध्ये पाकिस्तानात जाऊन तिथल्या पोरांशी खेळला. ज्याला शिकायचंय, त्याला असं जावं लागतं.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटरमध्ये भारताचे अयान बिस्वास आणि मयंक प्रजापती उतरले होते. पदक आलं नाही. सुवर्ण नेलं ते कोरियाच्या किम ग्वान-वूने, वयाच्या ४४ व्या वर्षी! म्हणजे नुसत्या चपळ बोटांचं हे काम नाही.

आपल्याकडे बोटं आहेत, कन्सोलही आलेत. कमी आहे ती एकाच खोलीत बसून रोज वेगवेगळ्या माणसांकडून हरण्याची. तेव्हा पुढच्या वेळी तो नवा पोरगा हरवून गेला, तर कंट्रोलर आपटू नका. त्याचा नंबर घ्या आणि रविवारी परत बोलवा.