घोडा का अडला?

भाकरी का करपली, घोडा का अडला आणि पाने का सडली, या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर आपण सगळेच शाळेत पाठ करून आलो आहोत. गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही ते पुरेसे वाटत होते. मग मी एन. सी. सी.च्या रिमाउंट व व्हेटर्नरी पथकात दाखल झालो आणि घोड्यावर बसलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. खोगिरावर बसणाराही पहिलाच.

साधी चाल जमली, दुडकी जमली. अडले ते कँटरवर. ही तीन ठोक्यांची चाल. घोडा डावीकडे वर्तुळात धावतो तेव्हा आधी उजवा मागचा पाय टेकतो, मग डावा मागचा व उजवा पुढचा एकदम, आणि शेवटी डावा पुढचा. हा शेवटचा पाय सर्वांत पुढे पडतो. त्यावरून ‘डावी लीड’ म्हणतात. डाव्या वळणावर डावी लीड हवी. उलटी पडली की घोड्याचा तोल बिघडतो आणि वर बसलेल्याची हाडे खिळखिळी होतात.

उजवीकडे माझा घोडा बिनचूक जाई. डावीकडे मात्र पंधरा दिवस उलटाच.

“हा मुद्दाम करतो,” मी उस्तादांना म्हणालो.

“तू त्याला काय सांगितलेस, ते आधी सांग,” ते म्हणाले.

खरेच, मी काय करीत होतो? लीड बरोबर पडली का हे पाहण्यासाठी डावीकडे वाकत होतो. म्हणजे जो खांदा मोकळा हवा, त्याच्यावरच माझे ओझे टाकत होतो! दुसऱ्या दिवशी ताठ बसलो. कोपऱ्यावर वळण येताच डावा पाय तंगापाशी ठेवला, उजवा किंचित मागे नेऊन दाबला. घोड्याने सरळ डावी लीड घेतली. त्याला ते येतच होते. तो अडला होता तो नीट न विचारल्यामुळे.

त्या वेळी मला वर्गातला एक तास आठवला. इंग्रजीतून आलेल्या प्रश्नाला मी उभा राहून गप्प राहिलो होतो आणि ‘अभ्यास नाही’ असा शेरा घेऊन खाली बसलो होतो. उत्तर मला येत होते. प्रश्न कळला नव्हता. खेड्यातून आलेले किती विद्यार्थी असेच ‘ढ’ ठरत असतील! आम्ही इंग्रजी शिकलेच पाहिजे, हे मान्य. घोड्यालाही अवघड बाजूने रोज फिरवावेच लागते. पण शिक्का मारण्याआधी तोच प्रश्न एकदा दुसऱ्या शब्दांत विचारून पाहायला काय हरकत आहे?

माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. पण बैल अडला, की चाबकाला हात घालण्याआधी ते जू उचलून त्याची मान बघतात.

— द्वितीय वर्ष, कला