आधी गाईड, मग पेट

‘पेट पास झालोय, आता गाईड शोधतोय.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या आवारात हे वाक्य कानावर पडते. बोलणारा एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेला असतो. त्याने फॉर्म भरलेला असतो, फी भरलेली असते, संशोधन पद्धतीची पुस्तके वाचून परीक्षाही दिलेली असते. पण ज्या माणसाच्या हाताखाली पुढची चार-पाच वर्षे काढायची तो माणूस कोण, हे त्याला अजून ठाऊक नसते. मग या विभागातून त्या विभागात, या महाविद्यालयातून त्या संशोधन केंद्रात फेऱ्या सुरू होतात. कुणाकडे जागा शिल्लक नसते, कुणाचा विषय जुळत नाही, कुणी फोन उचलत नाही. अखेर जिथे जागा मिळेल तिथे नाव लागते आणि गाईड ज्याला हो म्हणेल तो विषय आयुष्याचा विषय होतो.

पीएचडीच्या प्रवेशाचा हा क्रमच उलटा आहे. तो विद्यार्थ्यांनी आपल्यापुरता आणि विद्यापीठांनी सगळ्यांसाठी बदलायला हवा.

नियम काय सांगतात ते आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीची नवी नियमावली लागू केली. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. एम.फिल. बंद झाले. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला थेट पीएचडीचे दार उघडले. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांच्या पदवीचा आराखडा २०२४-२५ पासून आला, त्यामुळे या वाटेने येणारी मोठी तुकडी अजून वर्गात बसलेली आहे. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी संशोधनात उतरणाऱ्या या मुलांना योग्य गाईड मिळणे तर आणखीच गरजेचे आहे, कारण एम.ए.-एम.एस्सी.च्या दोन वर्षांत विषयाची जी ओळख होते ती त्यांच्या वाट्याला आलेली नसेल.

विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे पेटमध्ये, निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. त्या परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असते. पेटऐवजी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही चालतात आणि २०२४ पासून तिचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटातल्यांना जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळते आणि ते सहायक प्राध्यापकपदासाठीही पात्र ठरतात. दुसरा गट सहायक प्राध्यापकपदासाठी आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र असतो, तर तिसरा फक्त पीएचडी प्रवेशासाठी. खेड्यापाड्यांतल्या उमेदवाराला दहा विद्यापीठांच्या दहा परीक्षा द्याव्या लागू नयेत, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. अडचण अशी की दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. एखाद्या विद्यापीठाने त्या वर्षात प्रवेशाची जाहिरातच काढली नाही, तर तिथे ते गुण वाया जातात. पदवीच्या प्रवेशाला जसे वेळापत्रक असते तसे पीएचडीला का नसावे, याचे पटणारे उत्तर कुणी दिलेले नाही.

आता गाईडकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे, त्याला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पदे वर्षानुवर्षे रिकामी असलेल्या विभागात या मर्यादांचा अर्थ सरळ आहे: गाईड मोजके, रिकाम्या जागा त्याहून मोजक्या. दुसरीकडे विद्यार्थी वाढत गेले. देशात पीएचडीला नोंदणी केलेल्यांची संख्या २०१४-१५ मध्ये सुमारे १ लाख १७ हजार होती, ती २०२१-२२ मध्ये २ लाख १२ हजारांवर गेली. कुणाकडे किती जागा आहेत हे प्रवेशाआधी जाहीर झाले नाही, तर ही गर्दी ओळखीपाळखीच्या वाटांनी वळते. ज्याच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला तो पहिलाच माणूस आहे, त्याच्याकडे या ओळखी नसतात.

गाईड कोण यावर काय अवलंबून असते, हे कमला सोहोनी यांच्या आयुष्यात दिसते. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या शास्त्रज्ञ धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. तेव्हा संचालकपदी नोबेल विजेते सी. व्ही. रमण होते. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून त्यांना प्रवेश दिला गेला. तिथे श्रीनिवासय्या यांच्यासारखे कडक पण मनापासून शिकवणारे मार्गदर्शक लाभले आणि त्यांचे काम उभे राहिले. पुढे केंब्रिजला प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा डॉ. डेरेक रिश्टर यांनी आपले टेबल दिवसभरासाठी त्यांना दिले आणि स्वतः रात्री काम केले. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे प्रथिन सापडले. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. प्रबंध होता अवघा ४० पानांचा. बुद्धी आणि जिद्द कमलाबाईंची होतीच, पण त्या बुद्धीला टेबल देणारी माणसेही लागली.

विद्यापीठाच्या पेटपलीकडेही वाटा आहेत आणि मराठी विद्यार्थ्यांना त्या फार उशिरा कळतात. टीआयएफआर आणि आयसर पुणे इथे पदवीनंतर इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येते. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत त्यासाठी जॅम परीक्षा असते. आयआयटीत गेट परीक्षेच्या गुणांवर अर्ज करता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत काम करून अ‍ॅसिर या संस्थेची पदवी मिळते. यातल्या काही ठिकाणी प्रवेश आधी आणि गाईड नंतर असाच क्रम असतो, हे खरे. पण तिथे विद्यार्थी आधी कोर्सवर्क करतो, दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून माणसे आणि विषय पाहतो आणि मग निवड करतो. आपल्या बहुतेक विद्यापीठांत पाहण्याचा हा काळच नसतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी चित्र वेगळे आहे. जर्मनीत अनेकदा आधी प्राध्यापकाची संमती मिळवावी लागते, किंवा पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते आणि तिला पगार असतो. नेदरलँड्समध्येही बहुतेक पीएचडी उमेदवार विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात. ब्रिटनमध्ये संशोधनाचा प्रस्ताव आधी लिहावा लागतो. अमेरिकेत चांगल्या पदवीधराला एम.एस. न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते आणि अर्जातल्या निवेदनात आपल्याला कोणाच्या कामात रस आहे ते लिहावे लागते. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना म्हणूनच किमान दोन महिने आधी गाठावे.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. जेआरएफचे पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. पंतप्रधान संशोधन फेलोशिप ७० हजारांपासून सुरू झाली, पण ती मोजक्या संस्थांत आणि मोजक्यांनाच. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपमुळे असंख्य घरांतला पहिला संशोधक उभा राहिला. त्या फेलोशिपसाठी या विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात पीएचडी करून हे काय दिवे लावणार, असा सवालही त्यांना ऐकावा लागला. ज्या राज्यातल्या एका मुलाने बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिक्षण घेऊन देशाची घटना घडवली, त्या राज्यात हा सवाल विचारला जायला नको होता.

महिलांनी दोन तरतुदी लक्षात ठेवाव्यात: मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, आणि मुदतवाढी धरून पीएचडीची कमाल मुदत १० वर्षांपर्यंत जाते. नोकरी करणाऱ्यांना संस्थेच्या ना-हरकत प्रमाणपत्रावर अर्धवेळ पीएचडी करता येते. घरबसल्या ऑनलाइन पीएचडीची जाहिरात दिसली तर मात्र तिथेच थांबावे, अशी पीएचडी आयोगाला मान्य नाही. पीएचडी देताना नियम धाब्यावर बसवल्याबद्दल जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षे नवे पीएचडी प्रवेश बंद केले.

मग इच्छुकाने करायचे काय? परीक्षेच्या वर्षभर आधी ‘शोधगंगा’ उघडावी. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. आपल्या विषयात गेल्या पाच वर्षांत कोणाच्या मार्गदर्शनाखाली काय झाले, ते पाहावे. त्या प्राध्यापकांचे दोन-तीन लेख वाचून त्यांना नेमके, छोटे पत्र लिहावे. जमल्यास त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना भेटावे आणि विचारावे: प्रकरण लिहून दिल्यावर सर किंवा मॅडम किती दिवसांनी वाचून परत देतात? संशोधनाशिवाय दुसरी कामे सांगतात का? त्यांच्या हाताखाली किती जणांनी पदवी पूर्ण केली आणि किती जण मध्येच सोडून गेले? गाईडची कीर्ती मोठी असूनही ही उत्तरे वाईट आली, तर दुसरे नाव शोधावे.

हा सगळा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. जागांची संख्या आणि विषयवार विभागणी आधी जाहीर करणे, नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांची यादी गाईड आणि विषयासह संकेतस्थळावर ठेवणे, हे आयोगाच्या नियमावलीतच लिहिलेले आहे. आता प्रत्येक विद्यापीठाने एक पाऊल पुढे जावे. पेटचा फॉर्म सुरू होण्याआधी गाईडनिहाय रिकाम्या जागा, त्यांचे संशोधनाचे विषय आणि प्रवेशाच्या तारखा एका पानावर जाहीर कराव्यात. याला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. कुलगुरूंनी ठरवले तर येत्या प्रवेशापासून ते करता येईल.