मूल 18 वर्षांचं झालं, कॉलेजही सुरू झालं. घटस्फोटित आई-वडिलांच्या जबाबदारीचं आता काय?

समजा, मावळातल्या इंदुरी गावात एक मुलगी आईबरोबर राहते. ती सहावीत असताना आई-वडिलांचा घटस्फोट झाला. कोर्टाच्या हुकूमनाम्यात दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. वडिलांनी मुलीसाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि महिन्यातून दोन रविवार तिला भेटायचं. सहा वर्षं ही घडी कशीबशी टिकली. आता तिची बारावी झाली, सीईटी झाली, आकुर्डीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात नंबर लागला. आणि त्याच महिन्यात तिला 18 वर्षं पूर्ण झाली.

फी भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. वडील म्हणतात, "कोर्टाने 18 पर्यंतच सांगितलं होतं." आई म्हणते, "मग शिक्षण काय 18 ला संपतं का?" दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे दोघांचे हे निरोप पोहोचवायचं काम मुलीकडेच येतं.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला पेच खरा आहे. कायद्याच्या दृष्टीने मूल ज्या वयात सज्ञान होतं, नेमका त्याच वयात त्याचा खर्च सगळ्यात जास्त वाढतो. मग जबाबदारी कुणाची? मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी नियम वेगळे आहेत का? आणि भेटीच्या रविवारांचं काय होतं?

18 व्या वाढदिवसाला नेमकं काय बदलतं?

मुलांचा ताबा आणि पालकत्व याबद्दलचे कायदे, म्हणजे 1890 चा पालक व पाल्य कायदा आणि 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, अज्ञान मुलांसाठी आहेत. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 सुद्धा अज्ञान मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबद्दलच बोलतं. त्यामुळे मूल 18 चं झालं की ताबा आणि भेटीच्या वेळापत्रकाचा कायदेशीर आधार संपतो. कुणाकडे राहायचं आणि कुणाला भेटायचं, हे आता मूल स्वतः ठरवतं.

दरमहा मिळणाऱ्या रकमेचंही बहुतेक वेळा तेच होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 म्हणून आलं आहे. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. पण त्यातही मुलांना पोटगी सज्ञान होईपर्यंतच मिळते. अपवाद आहे तो शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलांचा.

महाराष्ट्रात यात आणखी एक गुंता आहे. आपल्याकडे 'कॉलेज' दोनदा सुरू होतं. अकरावीला मूल 15-16 वर्षांचं असतं आणि कोर्टाचा आदेश लागू असतो. खरा प्रश्न उभा राहतो तो बारावीनंतर, पदवीच्या पहिल्या वर्षाला. तोपर्यंत बऱ्याच घरांमध्ये कुणी हुकूमनामा उघडून पाहिलेलाच नसतो.

मुलगी असेल तर कायदा काय म्हणतो?

मुलीच्या बाजूने कायदा तुलनेने स्पष्ट आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 नुसार, अविवाहित मुलगी स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह करू शकत नसेल, तर सज्ञान झाल्यावरही ती पालकांकडे निर्वाह मागू शकते. 'निर्वाह' या शब्दात शिक्षणही येतं. आणि ही जबाबदारी फक्त वडिलांची नाही, आईचीही आहे.

एप्रिल 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. भारती डांगरे यांनी, शिकत असलेल्या सज्ञान अविवाहित मुलीसाठी आई वडिलांकडे पोटगी मागू शकते, असा निकाल दिला होता. त्यानंतर सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने मार्ग अधिक नेमका करून दिला. सज्ञान मुलीचा हक्क मान्य आहे, पण तो 1956 च्या कायद्याखाली मागायचा. मॅजिस्ट्रेटपुढे कलम 125 च्या छोट्या कारवाईत नाही.

2 जानेवारी 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. 26 वर्षं वेगळं राहणाऱ्या एका जोडप्याचं हे प्रकरण होतं. त्यांची मुलगी आयर्लंडमध्ये शिकत होती. वडिलांनी तिच्या शिक्षणासाठी 43 लाख रुपये दिले होते. स्वाभिमानापोटी ती ते परत करू पाहत होती, वडील मात्र परत घ्यायला तयार नव्हते. न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितलं की, पालकांकडून शिक्षणाचा खर्च मिळवणं हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे आणि ऐपतीप्रमाणे पैसे देण्याची सक्तीही पालकांवर करता येते.

मात्र यातली अडचण कागदावर दिसत नाही. 18 नंतर हा हक्क मुलीचा स्वतःचा होतो. म्हणजे बापाविरुद्धच्या अर्जावर अर्जदार म्हणून आता तिचं नाव येतं. सहा वर्षं दोन-दोन रविवार जपलेलं नातं एका अर्जाने तुटेल, या भीतीने अनेक मुली गप्प बसू शकतात. हक्क आहे, पण तो मागण्याची किंमत मुलीने मोजायची, अशी ही स्थिती.

आणि मुलगा असेल तर?

इथे कायद्याचा शब्द आखडता आहे. सज्ञान आणि धडधाकट मुलाला पोटगी मागण्याचा थेट हक्क ही कलमं देत नाहीत.

पण मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात वेगळा विचार केला. कौटुंबिक न्यायालयाने वडिलांना मुलासाठी सज्ञान होईपर्यंत दरमहा 20 हजार रुपये द्यायला सांगितलं होतं. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने रक्कम 10 हजारांवर आणली, दर वर्षी त्यात एक हजाराची वाढ ठेवली, पण मुदत मुलाची पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत वाढवली. आजच्या काळात पदवी ही किमान गरज आहे आणि 18 व्या वर्षी हात काढून घेणं पुरेसं नाही, असा त्यामागचा विचार होता.

हा निकाल त्या प्रकरणापुरता होता. त्यामुळे प्रत्येक मुलाला आपोआप पदवीपर्यंत पैसे मिळतात, असा त्याचा अर्थ नाही. तरी वाटाघाटी करताना तो दाखवता येतो.

कायदाच बदलावा, अशी शिफारसही झालेली आहे. विधी आयोगाने मे 2015 मध्ये दिलेल्या 257 व्या अहवालात, मुलांचा खर्च देण्याची मुदत कोर्टाला 25 वर्षांपर्यंत वाढवता यावी असं सुचवलं होतं. ती शिफारस अजून कायद्यात आलेली नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मात्र घटस्फोटित पालकांना कॉलेजच्या खर्चाचा वाटा उचलायला सांगण्याचा अधिकार कोर्टाला कायद्यानेच आहे. जर्मनीतही मूल पहिलं व्यवसायशिक्षण पूर्ण करेपर्यंत पालकांची जबाबदारी धरली जाते.

फॉर्मवर सही कुणाची?

कोर्टाच्या आधी पेच सुरू होतो तो फॉर्मवर. इंदुरीतल्या मुलांसाठी तळेगाव, आकुर्डी, निगडी ते पुणे असा कॉलेजचा पट्टा आहे. यातल्या कुठल्याही कॉलेजात गेलं तरी 'पालक' हा रकाना येतोच. 2009 च्या यूजीसी नियमांनुसार रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्यासोबत पालकानेही द्यायचं असतं. हॉस्टेल असेल तर स्थानिक पालकाचं नाव लागतं. शैक्षणिक कर्ज काढायचं तर बँक सहसा पालकाला सहकर्जदार करते. म्हणजे हप्ते थकले तर दोघांपैकी कुणाच्या नावावर डाग लागणार, हेही ठरवावं लागतं.

फी माफीतही हाच प्रश्न येतो. 2024-25 पासून राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण 'कौटुंबिक' म्हणजे कुणाचं उत्पन्न? आई वेगळी राहते, वडिलांनी दुसरं लग्न केलंय, अशा घरात हा प्रश्न सोपा नसतो. म्हणून वडगावच्या तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जाताना हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत सोबत असलेली बरी. शिवाय शुल्क माफ झालं तरी हॉस्टेल, मेस, लोकलचा पास आणि लॅपटॉप राहतातच.

मुलाच्या नावात आईचं नाव लावण्याचा राज्य सरकारचा 2024 चा निर्णय इथे उपयोगी पडेल का? फारसा नाही. तो 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे. आज पदवीला जाणारी मुलं त्याच्या कितीतरी आधी जन्मलेली आहेत.

ज्यांच्याकडे हुकूमनामाच नाही, त्यांची अडचण आणखी मोठी. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 13.6 लाख घटस्फोटित होते, पण घटस्फोट न घेता वेगळे राहणाऱ्यांची संख्या त्याच्या जवळपास तिप्पट होती. माहेरी परतलेल्या अनेक बायकांकडे वेगळं राहत असल्याचा एकही कागद नसतो.

रविवार आता मुलांच्या हातात

पैशांइतकाच अवघड बदल वेळेचा आहे. आतापर्यंत 'दुसरा आणि चौथा रविवार' ही कोर्टाची ओळ होती. कुणालाही तो रविवार मागावा लागत नव्हता. आता मूल पुण्याच्या हॉस्टेलवर असेल तर महिन्यातून एखादा शनिवार-रविवारच घरी येणार. तो आईकडे घालवायचा की वडिलांकडे? दिवाळीचा पाडवा कुठे? पदवीदान समारंभाला दोघं आले तर बसणार कुठे?

चाकण-तळेगावच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्या बापाची सुट्टी आणि मुलाची सुट्टी जुळेलच असं नाही. वेळापत्रक नसलं की काही बाप हळूहळू मागे पडतात. काहींचं उलटंही होतं. कोर्टाची चौकट गेल्यावर पहिल्यांदाच चहाच्या टपरीवर मोकळ्या गप्पा होतात. आईसाठीही हा काळ सोपा नाही. इतकी वर्षं सगळा दिवस ज्या मुलाभोवती फिरला, ते गेल्यावर घर एकदम रिकामं होतं. अशा वेळी "बाबांकडे गेलास, मग इकडे का नाही?" हा प्रश्न सहज तोंडातून निघतो. मुलाला मात्र तो हजेरीसारखा वाटतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जुडिथ वॉलरस्टीन यांनी 1971 पासून कॅलिफोर्नियातल्या घटस्फोटित कुटुंबांतल्या मुलांचा 25 वर्षं पाठपुरावा केला. त्यांचा नमुना छोटा आणि सुखवस्तू घरांतला होता, त्यावर टीकाही झाली. पण त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट इथे लागू पडते. 18 व्या वर्षी कॉलेजचा पैसा थांबला की मुलांना तो फक्त आर्थिक धक्का वाटत नाही, आपल्याला सोडून दिल्यासारखं वाटतं.

मग करायचं काय?

घटस्फोट अजून व्हायचा असेल, तर सगळ्यात सोपी जागा संमती अटींची आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटात '18 वर्षांपर्यंत' ऐवजी 'पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत' असं लिहून घेता येतं. फी, हॉस्टेल आणि क्लास यांचा वाटा कुणाचा किती, हेही लिहिता येतं. आईने तडजोडीत मुलीचा हक्क सोडून दिला तरी तो मुलीवर बंधनकारक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे.

घटस्फोट आधीच झाला असेल, तर मूल दहावी-अकरावीत असतानाच हुकूमनामा काढून वाचावा. मूल अज्ञान असेपर्यंत कलम 26 खाली आदेशात बदल मागता येतो. नोव्हेंबर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शिक्षणाचा खर्च सहसा वडिलांनी करावा, पण आईची कमाई पुरेशी असेल तर तो प्रमाणात वाटून घेता येतो, असंही त्या सूचनांमध्ये म्हटलं आहे.

आणि कोर्टाशिवाय होण्यासारखं एक काम आहे. वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी खर्चाची एक यादी करून एकमेकांना थेट पाठवायची. बोलणं नको असेल तर ईमेल चालेल. पैसे शक्यतो थेट कॉलेजच्या खात्यात भरायचे आणि पावती दुसऱ्याला पाठवायची. यासाठी नवरा-बायको म्हणून काही शिल्लक असण्याची गरज नाही.

लेखाच्या सुरुवातीच्या मुलीकडे पुन्हा पाहिलं, तर शुक्रवारच्या मुदतीआधी तिला कुठला कायदा पाठ करायचा नाही. तिला फक्त दोन निरोप पोहोचवायचं काम सोडायचं आहे. ते काम तिच्या आई-वडिलांनी स्वतःकडे घेतलं, तर कॉलेजच्या पहिल्या दिवशी आकुर्डीची लोकल पकडताना तिच्या डोक्यात फीचा हिशेब नसेल, पहिलं लेक्चर कुठल्या वर्गात आहे एवढंच असेल.