बुडाली तरी चालेल, पण आपली हवी

गेल्या वर्षी पीएलच्या तोंडावर आमच्या विंगमध्ये एक बातमी फिरत होती. शेवटच्या वर्षाच्या एका ग्रुपने शहरातल्या एका दुकानातून प्रोजेक्ट रेडीमेड आणला. मॉडेल, रिपोर्ट, शिवाय वायव्हाची प्रश्नोत्तरं फुकट! एक्स्टर्नल खूश, मार्क झकास. त्याच आठवड्यात मी आणि माझा रूममेट धरणाच्या काठावर उभे राहून आमची चार महिन्यांची मेहनत पाण्यात पालथी पडलेली बघत होतो. मेसमध्ये विचारणा झाली, "शहाणे कोण? ते की तुम्ही?" त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. आता देतो.

आधी आमची भानगड काय होती ते सांगतो. आम्ही नायट्रो इंधनावर चालणारी, रेडिओ कंट्रोलची हायड्रोप्लेन बोट बनवत होतो. हायड्रोप्लेन म्हणजे पाण्यात पोहणारी नाही, पाण्यावरून घासत जाणारी बोट. पुढे दोन बाजूंना दोन स्पॉन्सन, मागे प्रॉपेलर. वेग घेतला की बोट फक्त या तीन ठिकाणी पाण्याला टेकते आणि प्रॉपेलरही अर्धाच पाण्यात असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट, त्यामुळे जितकं कमी पाण्याला शिवाल तितका ड्रॅग कमी. फ्लुइड्सच्या पेपरला हे दोन ओळींत लिहून आपण मोकळे होतो.

हा खेळ मुळात अमेरिकेचा. १९५० साली सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर 'स्लो-मो-शन ४' या खऱ्या हायड्रोप्लेनने ताशी १६० मैलांचा विक्रम केला आणि अर्धा प्रॉपेलर पाण्याबाहेर ठेवून पळणाऱ्या बोटींचं युग सुरू झालं. त्याच घडणीच्या छोट्या बोटी तिथले हौशी लोक गॅरेजमध्ये बनवतात. नाम्बा आणि आयएमपीबीए या त्यांच्या दोन मोठ्या संघटना. वर्ग इंजिनच्या आकारावर : ३.५ सीसी, ७.५ सीसी, ११ सीसी, १५ सीसी. स्टार्टही गमतीचा. बोटी आधीच पाण्यावर घिरट्या घालत असतात, घड्याळ उलटं मोजत येतं आणि शून्याला जो पूर्ण वेगात रेषेवर असेल तो पुढे. शून्याआधी रेषा ओलांडलीत तर दंड! आणखी एक मजा म्हणजे खऱ्या हायड्रोप्लेन डावीकडे वळत पळतात, मॉडेल उजवीकडे. मॉडेलचा प्रॉपेलर मागून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो, अर्धाच पाण्यात असल्याने शेपूट डावीकडे ढकलतो आणि नाक आपोआप उजवीकडे जातं.

आता इंधन. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण म्हणून तेल. हे तेल अनेकदा आपलं एरंडेलच असतं! (लहानपणी नाक दाबून प्यायलेलं एरंडेल इंजिन मात्र आवडीने पितं.) एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. नायट्रोमिथेनची उष्णता पेट्रोलच्या पावपटच, पण सिलिंडरमध्ये मावणारी हवा ठरलेली असते. त्या हवेच्या हिशेबाने बघितलं तर दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते. हे गणित मी आयसी इंजिन्सच्या पेपरसाठी पाठ केलं असतं तर परीक्षेनंतर आठ दिवसांत विसरलो असतो. इथे महागडं इंधन थेंबाथेंबाने मोजायचं होतं, म्हणून जन्मभर लक्षात राहील. आम्हाला परवडलं ते कमी नायट्रोचं, विमानांच्या मॉडेलवाल्यांचं.

प्रॉपेलरचंही तसंच. व्यास ४५ मिमी, पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे एका फेऱ्यात ६३ मिमी. मिनिटाला २२,००० फेरे धरले तर तासाला ८३ किमी. स्लिप वजा जाता थोडं कमी. कागदावर हे बघून आम्ही रात्री दोन वाजता नाचलो होतो.

धरणावर बोट सुटली, साधारण पन्नास मीटर झकास गेली आणि मग नाक वर उचलून सरळ मागे पालथी झाली. कारण नंतर कळलं. रेडिओ बॉक्स आम्ही जागा होती म्हणून मागे बसवला होता, त्यामुळे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी मागे सरकलं आणि हवेने बोट खालून उचलली. याच तऱ्हेने ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कोनिस्टन तलावावर डोनाल्ड कॅम्पबेलची 'ब्लूबर्ड' ताशी ३०० मैलांच्या आसपास वेगात हवेत उलटली आणि तो गेला. आमची तीन फुटांची फळी होती, म्हणून आम्ही हसू शकलो. आत फोम भरला होता, त्यामुळे बुडाली नाही. ट्यूबवर बसून मासे धरणाऱ्या एका काकांनी ती आणून दिली आणि विचारलं, "पोरांनो, हिच्यानं मासं किती धरता?" इंजिनात पाणी शिरलं होतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. पुस्तकातलं 'इनकम्प्रेसिबल' मी त्या दिवशी हातात धरून बघितलं.

आता दुसरी बाजूही मांडतो. पहिला आक्षेप रेक्टर सरांचा. मिथेनॉलचा डबा माझ्या कॉटखाली सापडला आणि त्यांनी तो जप्त केला. तेव्हा मी चार दिवस त्यांना शिव्या घातल्या. आज लिहून देतो, सर बरोबर होते. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतसुद्धा नाही. ते हॉस्टेलमध्ये ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा होता. प्रॉपेलर बेरिलियम-कॉपरचा असेल तर त्याची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून तो ओला ठेवूनच घासायचा. हे आम्हाला शिकवायला कोणीतरी सोबत हवं होतं.

दुसरा आक्षेप मित्रांचा : लायपो बॅटरी आणि ब्रशलेस मोटर असताना हा धूर, हा आवाज कशाला? मुद्दा मान्य. इलेक्ट्रिक बोटी आज तितक्याच, किंबहुना जास्त पळतात. पण नीडल व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून इंजिनचा आवाज ऐकायचा, ट्यून्ड पाइपची लांबी थोडी कमी करून फरक बघायचा, हे मेकॅनिकलच्या पोराने एकदा तरी करावं. तरीही कॉलेज म्हणालं इलेक्ट्रिकच बनवा, तर आम्ही बनवू. माझं भांडण इंधनाशी नाही, रेडीमेडशी आहे.

केन वॉर्बी नावाच्या ऑस्ट्रेलियनाने 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' ही जेट बोट घराच्या मागच्या अंगणात लाकडापासून बांधली आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ताशी ५११ किमीचा जागतिक विक्रम केला.  आपल्याकडे वर्कशॉप आहे, लेथ आहे, आणि पाच वाजता त्याला कुलूप लागतं!

म्हणून तीनच मागण्या. एक, आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्कशॉप उघडं ठेवा, सोबत एक सर असू द्या. दोन, इंधनासाठी इमारतीपासून दूर कुलपाची खोली द्या. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाची : जे बनवलं ते फसलं, पण का फसलं हे पोराला नीट सांगता आलं, तर टर्मवर्कचे पूर्ण मार्क द्या. मुलं प्रोजेक्ट विकत आणतात ती सगळीच आळशी असतात असं नाही. फसलेल्याला शून्य आणि विकतच्याला पैकीच्या पैकी मिळतात, हे त्यांना दिसतं. हिशेब आपणच असा लावून ठेवलाय.

आमची बोट सध्या कपाटावर आहे, वाकलेला रॉड टेबलवर. नवा रॉड आला की रेडिओ बॉक्स पुढे घेऊन पुन्हा धरणावर जाणार आहोत. तोपर्यंत ज्याला बघायची असेल त्याने खुशाल रूमवर यावं. इंधन रूमवर नाही. रेक्टर सरांनी कॉटखाली वाकून खात्री करून घ्यावी!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी